मुदतवाढीवर मतदान होऊ द्या

नोकरी गेलेल्या विमाधारक कामगारांना बेरोजगारी भत्ता देणाऱ्या ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजने’ला मुदतवाढ मिळावी, यासाठी लोकसभेत नियम १९३ खाली चर्चा घ्या, असे सुचवणारा आपला अग्रलेख वाचला. मागणी रास्त, पण मार्ग अपुरा आहे. या नियमाखालच्या चर्चेवर मतदानच होत नाही. नियम १८४ खाली प्रस्ताव आणून मतविभाजन मागितले, तर प्रत्येक खासदाराची भूमिका नोंदली जाईल.

२०१८ च्या या योजनेतील भत्ता २०२० मध्ये सरासरी कमाईच्या २५ वरून ५० टक्के झाला. मिळतो मात्र जास्तीत जास्त ९० दिवस. पीथमपूरच्या कारखान्यातून कमी केलेला कामगार तेवढ्यात घरभाडे, मुलांची फी, किराण्याची उधारी भागवतो. आपला खासदार कोणत्या बाजूने उभा राहिला, हे त्याला कळलेच पाहिजे.

– एक वाचक, इंदूर