उतारावरील अनामिक साहाय्यकांचे आभार

बसून स्की करणाऱ्या माझ्यासारख्या व्यक्तीला बर्फाच्या उतारापर्यंत पोहोचवण्यात ज्यांचा वाटा आहे, पण ज्यांची नावे मला कधी कळली नाहीत, त्या सर्वांचे मी मनःपूर्वक आभार मानते.

सर्वांत आधी, स्कीपटूंना खुर्चीत बसवून उतारावर वर नेणाऱ्या लिफ्टवरील कर्मचाऱ्यांचे. लिफ्टची खुर्ची जवळ येताच तिचा वेग कमी करणे, मी सिट-स्कीची (स्कीवर बसवलेल्या खुर्चीची) बैठक उंचावून आउटरिगरच्या (टोकाला छोटी स्की असलेल्या हातकाठ्यांच्या) आधाराने पुढे सरकत असताना मागून नेमका हात देणे आणि उचलण्यापूर्वी ‘कुठे धरू?’ असे विचारणे, हे सारे त्यांनी अगदी सहजपणे केले. त्या एका प्रश्नाचे मला फार मोल वाटते, कारण न विचारताच व्हीलचेअर ढकलू लागणारेही पुष्कळ भेटतात.

मागून दोरीने वेग सांभाळणारे प्रशिक्षक, दृष्टिहीन स्कीपटूंना हेडसेटवरून वळणे सांगणारे मार्गदर्शक आणि रॅम्पवरचा बर्फ पहाटेच हटवणारे कामगार यांचीही मी ऋणी आहे. रॅम्पच बर्फाखाली गेला, तर पुढच्या सगळ्या सोयी निरुपयोगी ठरतात.

पहिले हिवाळी पॅरालिम्पिक १९७६ मध्ये स्वीडनमध्ये झाले. बसून स्की करण्याच्या स्पर्धा मात्र त्यात १९८८ मध्ये, ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे आल्या. सिट-स्कीसारख्या साधनांची आज निगुतीने देखभाल करणाऱ्यांचे आभार विशेष मानायला हवेत. संवेदना नसलेल्या पायांना पट्टा काचला तरी कळत नाही, हे ओळखून त्यांनी माझा प्रत्येक पट्टा स्वतः बोट घालून तपासला आणि पायांखाली जास्तीची गादी बसवून दिली.