ग्रेट पॅनजँड्रम, म्हणजे मीच

ब्रिस्टल,
२१ सप्टेंबर

प्रिय बाळ्या,
स. न. वि. वि.

'गणपतीत काय दिवे लावलेस ते कळव' असं लिहिलं होतंस. लावले. ऐक.

इथल्या मराठी मंडळींनी यंदा एक हॉल भाड्याने घेतला होता. माझ्या लग्नात तू दिलेली पुणेरी पगडी मी बाहेर काढली, खांद्यावर उपरणं टाकलं आणि सकाळपासून सगळ्यांना कामाला जुंपलं. खुर्च्या इथे नकोत, तिथे. मोदक आधी मोजून घ्या. समई दारासमोर कोणी ठेवली? ऑफिसातला एक म्हातारा सहकारी, मूळचा डेव्हनचा, कौतुकाने बघायला आला होता. त्याने मला पगडीपासून पायापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "वा! साक्षात ग्रेट पॅनजँड्रम! टाळूवर ते छोटं गोल बटण तेवढं राहिलं."

मी खूश. कानाला शब्द कसा आपल्यातला वाटतो बघ. पंच, इंद्र, काहीतरी भारदस्त पदवी असणार, कंपनी सरकारच्या गलबतातून इकडे आलेली. बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "आधी अर्थ बघ, मग मिरव." मी तीन दिवस मिरवलो आणि मग अर्थ बघितला.

पॅनजँड्रम म्हणजे स्वतःला फार मोठा समजणारा इसम. आपला टिकोजीराव. शब्द जुना, हल्ली थट्टेपुरताच उरलेला, आणि हिंदुस्थानाशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

तो जन्मला कसा, ते मात्र तुला सांगायलाच हवं. चार्ल्स मॅकलिन नावाचा एक बडा नट होता. १७४१ मध्ये त्याने शेक्सपिअरच्या नाटकातला सावकार शायलॉक असा काही उभा केला की लंडन हादरलं. माणूस तापट, त्याआधी १७३५ मध्ये केसांच्या टोपावरून झालेल्या भांडणात त्याने सहकारी नटाच्या डोळ्यात काठी खुपसली आणि तो नट दगावला. (आपल्या गॅदरिंगमध्ये मिशीवरून झालेली मारामारी त्यामानाने सात्त्विकच म्हणायची.) १७५४ च्या सुमारास त्याने कॉव्हेंट गार्डनमध्ये खाण्यापिण्याची जागा काढली. गिऱ्हाइकांचं जेवण उरकलं की हा वक्तृत्वावर व्याख्यान झोडायचा. तिथे म्हणे एकदा बढाई मारली की कुठलाही मजकूर एकदा ऐकला की आपण तो शब्द न चुकता म्हणून दाखवू.

ऐकणाऱ्यांत सॅम्युअल फूट बसला होता. नाटककार, नकलाकार, अत्यंत खवट. त्याने तिथल्या तिथे मजकूर रचला: ती बागेत कोबीचं पान कापायला गेली, 'ॲपल पाय' नावाचा गोड पदार्थ करण्यासाठी, तेवढ्यात एक अस्वलीण दुकानात डोकं घालून विचारते, "काय, साबण नाही?" मग तो मेला, आणि तिने अविचाराने न्हाव्याशी लग्न केलं. लग्नाला चित्रविचित्र नावांचे पाहुणे आणि त्यांच्यात खुद्द ग्रेट पॅनजँड्रम, डोक्यावर छोटं गोल बटण असलेला. सगळे शिवाशिवी खेळतात, बुटांच्या टाचांतून बंदुकीची दारू गळेपर्यंत.

मागचं पुढच्याला कुठेच चिकटत नाही, मग पाठ काय करणार? मॅकलिन म्हणे एक शब्दही बोलला नाही.

इथवर वाचताना मी पोट धरून हसत होतो. मग एकदम आठवलं. अरे, त्याच दिवशी हॉलमध्ये मी पुस्तक बाजूला सारून जाहीर केलं होतं, "मंत्रपुष्पांजली आहे की आपल्याला तोंडपाठ!" 'साम्राज्यं भौज्यं स्वाराज्यं वैराज्यं'पर्यंत घोडं चौखूर. 'पारमेष्ठ्यं राज्यं'ला मात्र पाय अडकला आणि मी वळून पुन्हा 'भौज्यं'वर. तीन फेऱ्या झाल्या, बाळ्या. लोक हातात फुलं घेऊन ताटकळलेले. शेवटी इथेच जन्मलेल्या एका नऊ वर्षांच्या पोरीने फोनमध्ये बघून मला पलीकडे काढलं. म्हातारा सगळ्यात मागे उभा राहून बघत होता.

फूटचंही सांगून टाकतो, म्हणजे मला जरा बरं वाटेल. १७६६ मध्ये घोडेस्वारीची फुशारकी मारल्यावर सरदार मंडळींनी त्याला यॉर्कच्या ड्यूकच्या मस्तवाल घोड्यावर बसवलं. घोड्याने फेकलं, पाय कापावा लागला. वरमलेल्या ड्यूकने त्याला हेमार्केट थिएटरचा उन्हाळी परवाना मिळवून दिला. आपल्या मुलखातून गबर होऊन परतलेल्या कंपनीवाल्यांना इकडे 'नेबॉब' म्हणत, आपल्या 'नवाब'वरून. त्यांची खिल्ली उडवणारं नाटक फूटने १७७२ मध्ये तिथेच लावलं. म्हणजे आपला शब्द त्याच्या हाती लागला होता, फक्त मी म्हणत होतो तो नव्हे.

गेल्या रविवारी मुद्दाम डेव्हनच्या किनाऱ्यावर वेस्टवर्ड हो! या गावी जाऊन आलो. गावाच्या नावातच उद्गारचिन्ह आहे, मी घातलेलं नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या काँक्रीटच्या भिंती फोडायला ब्रिटिशांनी एक अवजड चाक बनवलं: दहा फूट व्यासाची दोन चाकं, मधल्या पिंपात स्फोटकं, कडेने रॉकेटं. नाव ठेवलं ग्रेट पॅनजँड्रम. सप्टेंबर १९४३ पासून याच वाळूवर चाचण्या, त्याही सुट्टीवर आलेल्या लोकांच्या डोळ्यांदेखत. रॉकेटं निखळायची, चाक भलतीकडेच वळायचं. जानेवारी १९४४ मध्ये मोठमोठे अधिकारी बघायला जमले. चाक झोकात निघालं, मग रॉकेटं सुटू लागली आणि ते फोटोग्राफरच्या रोखाने वळलं. अधिकाऱ्यांनी किनाऱ्यावरच्या दगडगोट्यांच्या बांधापलीकडे उड्या टाकल्या. तिकडे काटेरी तारा होत्या. योजना बासनात गेली.

त्या बांधावर बसून मी सँडविच खाल्लं. ओहोटी होती, वाळू लांबवर सपाट, एक कुत्रा चेंडूमागे धावत होता. पगडी घालून यायला हवं होतं, असं उगाच वाटलं.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. डिसेंबरात येतोयस तेव्हा आरत्यांचं पुस्तक आण, मोठ्या टायपातलं. आणि पगडीचा गोंडा सुटलाय, त्याला कुठला दोरा लागतो ते विचारून ठेव.

तुझा,
पॅनजँड्रम