आपल्या व्यायामशाळेसाठी वेटलिफ्टिंगचे दोन चांगले बार हवेत : सभासद, माजी खेळाडू व हितचिंतकांना आवाहन

॥ श्री मारुती प्रसन्न ॥

सर्व आजी-माजी सभासद, पालक आणि गावभागातील हितचिंतक यांना सप्रेम नमस्कार.

कार्यकारिणीच्या सभेत ठरल्याप्रमाणे हे आवाहन लिहीत आहे. शालेय स्पर्धा तोंडावर आल्या आहेत, म्हणून मागणी आधीच सांगतो. वेटलिफ्टिंगसाठी मुलींचा १५ किलोचा एक बार (दोन्ही टोकांना प्लेट अडकवून उचलायचा पोलादी दांडा), मुलांचा २० किलोचा एक बार आणि ९० किलो रबरी प्लेट घ्यायच्या आहेत. खर्च ६०,००० रुपये. जमले आहेत ११,२५०.

पुन्हा हात पसरण्यापूर्वी ज्यांनी आजवर दिले त्यांची आठवण काढणे माझे कर्तव्य आहे. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, तेव्हा आपल्या व्यायामशाळेत मल्लखांबाचे फक्त टोक दिसत होते. पाणी उतरल्यावर सगळ्यात आधी माणसे पाठवली ती गणपती पेठेतल्या भुसार दुकानाच्या काकांनी. त्यांच्या स्वतःच्या दुकानातली पोती कुजून गेली होती, तरी दोन हमाल चार दिवस आपला गाळ उपसत होते आणि त्यांची मजुरी काकांनीच दिली. शिवाय पाच हजार रुपये रोख. कुपवाड एमआयडीसीतल्या लेथवाल्या दादांनी तर पंचवीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने आपल्याला पहिला रॉड कातून दिला. त्यावर मुलांच्या दोन पिढ्या बैठका मारून गेल्या आणि आजही तो स्क्वॉटच्या स्टँडवर आहे. निवृत्त झालेल्या पीटीच्या बाईंनी मुलींसाठी लिफ्टिंगचे सहा जोड बूट घेतले आणि आजही पहाटे साडेपाचला कुलूप उघडायला त्याच हजर असतात. आपले थोरले वस्ताद गुडघे दुखत असतानाही खुर्ची टाकून बसतात आणि एकेका मुलाची पाठ बघतात. त्यांनी आयुष्यात मानधन घेतले नाही. चौघांनीही नाव छापू नका अशी ताकीद दिली आहे. आपण त्यांना ओळखतोच.

आता अडचण सांगतो. आपल्याकडे एकच धड बार होता. महापुराच्या गाळाने त्याची बेअरिंगे गेली. २०२१ ला पाणी पुन्हा आले आणि उरलेसुरले गंजून बसले. शिल्लक कमी म्हणून त्यानंतर आम्ही स्वस्तातला एक रॉड आणला. दुकानदाराने २० किलोचा सांगितला, वरही २० असेच कोरलेले होते. आम्ही विश्वास ठेवला. ती चूक कार्यकारिणीची आणि त्यातही माझी, कारण खरेदी मी केली होती.

गेल्या हंगामात आपला एक मुलगा सरावात ७० किलोची स्नॅच (बार जमिनीवरून एका दमात थेट डोक्यावर) सहज काढत होता. स्पर्धेत ६८ ने सुरुवात केली. तिन्ही प्रयत्न गेले. स्नॅच शून्य, त्यामुळे एकूण वजनाच्या यादीत नावच नाही. पोर परत येताना एक शब्द बोलले नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही रॉड भुसारकाकांच्या काट्यावर ठेवला, तो १७ किलो ४०० ग्रॅम भरला. म्हणजे वर्षभर तो ७० समजून ६७.४ उचलत होता आणि चार दिवस विचार करत होता की आपल्यात काय कमी पडले. हे मला अजून सहन होत नाही.

एका किलोची किंमत सांगलीला कोणी शिकवायला नको. ३० जुलै २०२२ रोजी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या संकेत सरगरने ५५ किलो गटात स्नॅचला ११३ आणि क्लीन अँड जर्कला (बार आधी खांद्यावर, मग डोक्यावर) १३५ असे २४८ किलो उचलले. कोपर दुखावले तरी तिसऱ्या प्रयत्नाला तो उभा राहिला. मलेशियाचा खेळाडू २४९ वर गेला आणि संकेतला रौप्य मिळाले. त्याच वर्षी बहीण काजलने खेलो इंडियात ४० किलो गटाचे सुवर्ण आणले. ही भावंडे आपल्या व्यायामशाळेची नव्हेत, पण गावाची आहेत. त्या आठवड्यात फटाके वाजले, पेढे वाटले, आणि कितीतरी जणांनी मला रस्त्यात थांबवून “काय लागेल ते सांगा” म्हटले. दोन महिन्यांनी मी यादी घेऊन त्याच दारांवर गेलो. बहुतेक ठिकाणी “दिवाळीनंतर बघू” ऐकले. त्यानंतर किती दिवाळ्या गेल्या! राग नाही, पण वाईट वाटले, आणि ते मनात ठेवून हे लिहिता आले नसते.

“साधा रॉड पाच हजारांत मिळतो, मग एवढे कशाला?” असे सभेत विचारले गेले. प्रश्न योग्य आहे. घरी दंड कमावायला, छातीला, बैठकांना तो साधा रॉड चालतो. घरासाठी घेणाऱ्या पालकांनाही मी तेच सांगतो, फक्त काट्यावर तोलून घ्या आणि दुकानातच सपाट फरशीवर लोळवून बघा. वाकडा असेल तर लगेच उड्या मारतो. पण स्नॅच आणि क्लीन अँड जर्कमध्ये बार हातात गरकन वळवावा लागतो. प्लेट बसते त्या दोन्ही टोकांच्या नळ्या स्वतंत्र फिरल्या नाहीत तर प्लेटचा सगळा पीळ मनगटावर आणि कोपरावर येतो. त्यासाठी आत बेअरिंग किंवा निदान चांगले पितळी बुश लागते. दुसरे, पोलाद. साधे माइल्ड स्टील वरून टाकले की वाकते आणि वाकलेलेच राहते. चांगल्या बारचे पोलाद लवचीक असते, वाकून पुन्हा सरळ होते. दादांच्या रॉडवर आमचे प्रेम आहे, पण त्यांनीच सांगितले, “हा वरून आपटायचा नाही.”

मुलींचा बार वेगळा का, हेही विचारले गेले. मुलांचा बार २.२ मीटर लांब आणि पकडीला २८ मिलिमीटर जाड असतो. मुलींचा २.०१ मीटर, २५ मिलिमीटर आणि वजन १५ किलो. अंगठा आत दाबून वर बोटे आवळायची ही या खेळाची पकड, आणि तेरा वर्षांच्या मुलीच्या हातात २८ चा बार तसा मावत नाही. ३१ मुलांत आपल्याकडे १४ मुली आहेत. २००० साली सिडनीत मुलींचे वेटलिफ्टिंग ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा आले आणि त्याच वर्षी मल्लेश्वरीने पदक आणले. आपल्या मुली मात्र आजही मुलांच्या बारवर शिकतात. म्हणून पैसे कमी पडले तर आधी मुलींचा बार घ्यायचा, असे मी सभेत आग्रहाने मंजूर करून घेतले आहे.

रबरी प्लेट हव्यात कारण त्या १० किलोची असो वा २० ची, ४५० मिलिमीटर व्यासाच्याच असतात. बिडाची १० ची प्लेट लहान असते, बार जमिनीच्या फार जवळ राहतो आणि नवीन पोर कमरेत वाकून उचलायला शिकते. ती सवय पुढे सुटत नाही. शिवाय फरशी फुटते, आणि खालच्या अंगाचे शेजारी आजवर आपले ऐकून घेत आले आहेत, ही त्यांची माया.

आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या मान्यतेचे परदेशी बार आम्ही बघितलेसुद्धा नाहीत, तो हिशेब लाखांत जातो. देशी बनावटीचे, सरावाचे, बेअरिंगचे बार घेत आहोत. तीन ठिकाणचे दर मागवले, मधला घेतला. वजनाची लेखी हमी मागितली आहे आणि माल उतरताच भुसारकाकांच्या काट्यावर सर्वांसमक्ष तोलला जाईल.

तपशील : मुलींचा बार १४,५००, मुलांचा बार १६,५००, प्लेट १०, १५, २० किलोची एकेक जोडी (९० किलो, २६० रु. किलोने) २३,४००, प्लेट घसरू नये म्हणून अडीच किलोच्या लॉकची जोडी २,६००, वाहतूक ३,०००. रोख किंवा धनादेश कार्यालयात संध्या. ६ ते ८, सोमवार बंद. पावती घेतल्याशिवाय जाऊ नये. खाते क्रमांक व क्यूआर दाराजवळच्या फलकावर. आयकर सवलत सध्या नाही. दर महिनाअखेरपर्यंतच धरून ठेवला आहे. जमाखर्च फलकावर लावू. १०० रुपयेही चालतील, आणि परगावी असलेल्या माजी खेळाडूंनी आपापल्या बॅचचे एकत्र पाठवले तर पावत्या सोप्या जातील.

आपला,
चिटणीस, कार्यकारिणीच्या वतीने

ता. क. – घरचे जुने रॉड कृपया आणून ठेवू नयेत, सात आधीच माळ्यावर आहेत. ज्यांच्याकडे जाड रबरी मॅट किंवा सागवानी फळ्या पडून असतील त्यांनी मात्र जरूर कळवावे, चार बाय चार मीटरचा ओटा घालायचा आहे.