शेवटचे तीन आउट

फिलाडेल्फिया,
१८ जानेवारी २०२६

प्रिय मन्या,

संक्रांतीचा तिळगूळ उशिराच पोचतोय, गोड मानून घे. तब्येती ठीक. बीपीची गोळी चालू आहे, मेधाचा गुडघा थंडीत कुरकुरतो, बाकी सांगण्यासारखं काही नाही.

ऑक्टोबरात त्या सकाळी तू मला एकच शब्द पाठवलास: ‘लिज.’ तिकडे सात वाजले असतील, तू चहा घेत असशील. इकडे रात्रीचे साडेनऊ वाजले होते आणि मी टीव्हीसमोर उभा होतो, फिलीज-डॉजर्सचा बेसबॉल सामना बघत. त्या एका शब्दावरून मी आजपर्यंत मनातल्या मनात तुझ्याशी भांडतोय. फोनवर हे बोलता आलं नसतं, तू मधेच हसतोस.

आपल्या फिलीजचा पिचर कर्करिंग संपला, पूर्वी आपल्या शेवटच्या इनिंग टाकणारा लिज संपला तसा, हेच ना तुझं म्हणणं? मला ते मान्य नाही. तू फोनवर नुसते आकडे बघत होतास, मी खेळ बघत होतो. अकरावी इनिंग, एक-एक बरोबरी, दोन आउट. कर्करिंगने किके हर्नांडेझला चार बाहेरचे बॉल टाकून फुकट पहिल्या बेसवर जाऊ दिलं आणि तिन्ही बेस भरले, तो दोष त्याचा, कबूल. पण त्यानंतरच्या बॅटरकडून, पाहेसकडून, त्याने हवा तोच फटका काढला. बॉल सरळ त्याच्याकडेच घरंगळत आला. उचलायचा, पहिल्या बेसवर टाकायचा आणि बाराव्या इनिंगला जायचं. वेळच वेळ होता. बॉल हातातून निसटून पायाशी आला. त्याने वाकून उचलला आणि पहिल्याकडे बघितलंच नाही, होम प्लेटकडे भिरकावला, कॅचर रिअलम्यूटोच्या हाताबाहेरून. पळायला आणलेला त्यांचा किम घरी आला, सामना संपला. ९६ सामने जिंकलेली आपली टीम घरी आली. पोरगा गुडघ्यांवर हात ठेवून वाकला तो मान वर करेना.

चोवीस वर्षांचा आहे रे. २०२३ च्या एकाच सीझनमध्ये मायनर लीगच्या चारही पायऱ्या चढून थेट वर आला होता. आणि मुळात बरोबरी झाली कुणामुळे? दुरानमुळे. जुलैअखेर दोन चांगली तरणी पोरं मिनेसोटाला देऊन ज्याला आणला तो दुरान. ताशी शंभर मैलांच्या वर टाकणारा, ज्याच्यासाठी स्टेडियमचे दिवे मालवतात तो. सातव्या इनिंगमध्ये तिन्ही बेस भरलेले असताना त्याने बेट्सला चार बॉल दिले. बॅटीला बॉल न लागता धाव गेली. त्या धावेबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. आमच्या ऑफिसात दुसऱ्या दिवशी कॉफीच्या मशीनजवळ सगळे त्या पोराच्याच नावाने शंख करत होते. मी मग कॉफी न घेताच परत आलो.

आता लिज. तुझा लाडका पुरावा. २००८ मध्ये ४१ पैकी ४१ सेव्ह, म्हणजे शेवटी हातात आलेली आघाडी एकदाही सोडली नाही, आणि वर पोस्टसीझनच्या बाद फेऱ्यांत ७ पैकी ७. पावसाने दोन दिवस अडकवून ठेवलेला वर्ल्ड सिरीजचा, अंतिम फेरीचा, तो पाचवा सामना, वळणाऱ्या स्लायडरवर हिन्स्कीची बॅट हवेत फिरली, लिज गुडघ्यांवर बसला, कॅचर रुइझ धावत गेला, आणि शिर्केने भात करपवला. करपलेला भात आपण किती आनंदाने खाल्ला होता! मिरवणुकीत ब्रॉड स्ट्रीटवर तुझी टोपी हरवली, ती तू अजून माझ्याकडे मागतोस.

मग २००९. माणूस तोच, हात तोच, स्लायडरही तीच. ११ सेव्ह घालवल्या, एकही विजय नाही, ८ पराभव, ईआरए, म्हणजे नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा, ७.२१. तू म्हणायचास, काढा त्याला, मॅडसनला द्या नववी, शेवटची इनिंग. मी म्हणायचो, लिजलाच बॉल देणाऱ्या मॅनेजर चार्ली मॅन्युएलचं बरोबर आहे. त्यावरून तू माझ्याशी अबोला धरलास आणि स्वतःचा कुकर वेगळा लावायला लागलास. शेवटी ताईने फोनवरून दोघांना झापलं तेव्हा डाळ एक झाली. वर्ल्ड सिरीजच्या चौथ्या सामन्यात नवव्या इनिंगला दोन आउट असताना यांकीजचा डेमन एका दमात दुसरा आणि तिसरा असे दोन्ही बेस चोरून गेला, मग तीन धावा गेल्या, तेव्हा तू माझ्याकडे बघून फक्त ‘बघ’ म्हणालास. मी आजही म्हणतो, फील्डर एका बाजूला सरकवून शिफ्ट लावल्यामुळे तिसरा बेस उघडा होता आणि ती शिफ्ट काही लिजने लावली नव्हती.

आणि तुझा मॅडसन? २०११ संपल्यावर आपल्या लोकांनी त्याला सोडून पॅपलबॉनला चार वर्षांचे पाच कोटी डॉलर दिले. मॅडसनला सिनसिनाटीने घेतलं. सीझन सुरू व्हायच्या आधीच त्याचं कोपर गेलं, टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली. तीन सीझन तो मोठ्या लीगमध्ये दिसलाच नाही. आणि २०१५ मध्ये कॅन्सस सिटीच्या बुलपेनमधून, मागाहून उतरणाऱ्या पिचरांच्या ताफ्यातून, वर्ल्ड सिरीज जिंकून बसला! तू, मी, शिर्के, मूर्ती, कुणाच्या स्वप्नात तरी होतं का हे?

मन्या, इतकी वर्षं बघून मला वाटायला लागलंय की बुलपेन आधी बांधून ठेवता येतच नाही. असा मागाहून उतरणारा रिलीव्हर वर्षाला साठ-पासष्ट इनिंग टाकतो. साठ इनिंगमध्ये एका वाईट रात्रीच्या चार धावा म्हणजे ईआरए ०.६० ने वर. त्या चार धावांतले दोन फटके बॅटीच्या कडेला लागून मधे कुठेतरी पडलेले असू शकतात. म्हणजे २.८० चा माणूस ३.४० चा दिसायला लागतो, आणि डिसेंबरात त्या आकड्यावर लोक कोट्यवधी डॉलर लावतात किंवा त्याला दार दाखवतात. त्यात बुलपेनमध्ये येतात ते बहुतेक स्टार्टर, म्हणजे सामना सुरू करणारे पिचर, म्हणून न चाललेले. सगळ्यात मोठा रिलीव्हर मानतात तो रिव्हेरासुद्धा १९९५ मध्ये स्टार्टर म्हणून फसलाच होता. शिवाय एकाच इनिंगसाठी जीव तोडून टाकायचं, मग कोपर किती दिवस साथ देणार?

गेल्या ऑगस्टमध्ये मी ईशानला घेऊन स्टेडियमच्या अ‍ॅशबर्न अ‍ॅलीत बुलपेनच्या (पिचर हात गरम करतात त्या जागेच्या) वर कठड्याला टेकून उभा राहिलो होतो. आपल्या वेळी आपण जायचो तसाच. आपले खालच्या मजल्यावर, पाहुणे वरच्या, अजून तसंच आहे. फोन वाजला, एकजण उठला, जॅकेट काढून टाकायला लागला. मिटमध्ये बॉल बसल्याचा आवाज छातीत घुमतो, टीव्हीवर तो कधी ऐकू येत नाही. घामाने त्याचा शर्ट पाठीला चिकटला. तेवढ्यात मैदानावर डबल प्ले झाला, एका फटक्यात दोन आउट. फोन परत वाजला, हा जॅकेट घालून बसला. पुढच्या इनिंगला पुन्हा उठवलं, पुन्हा बसवलं. शेवटी टाकला दुसऱ्यानेच. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात त्याचं नावही नव्हतं, पण हात तर झिजलाच ना! ईशानने विचारलं, ‘बाबा, ह्याचं कुणी मोजतं का?’ टीमवाले मोजत असतील, तू-मी बघतो त्या आकड्यांत ते येत नाही.

पैशांनी होतं म्हणावं तर रॉबर्टसन आठव. २०१९ साठी दोन वर्षांचे २.३ कोटी डॉलर दिले, सात सामने खेळला, कोपर गेलं. पुढच्या वर्षी आपल्या बुलपेनचा ईआरए ७.०६. तुझा मेसेज होता तेव्हा, ‘लिज बरा होता.’ तेवढा एकच मेसेज मी जपून ठेवलाय. आणि तोच रॉबर्टसन गेल्या वर्षी, चाळिशीत, परत आपल्याकडे आला. रोमानोला ८५ लाख देऊन आणलं, ईआरए ८.२३. आणि हॉफमन? २०२३ च्या मार्चमध्ये मिनेसोटाने सोडून दिलेला माणूस. आपण त्याला मायनर लीगच्या करारावर उचललं. पुढच्याच वर्षी ऑल-स्टार. मग त्याच ऑक्टोबरात मेट्सनी त्याला धुतला, आपण जाऊ दिला, टोरंटोने तीन वर्षांचे ३.३ कोटी दिले. आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रात्री, सातवा सामना, नववी इनिंग, टोरंटो एका धावेने पुढे, दोन आउट बाकी. डॉजर्सच्या रोहासने त्याचा बॉल मैदानाबाहेर भिरकावला. रोहासने! त्या वेळी मला तुझीच आठवण आली, म्हटलं मन्या आता काय लिहितो. तू काहीच लिहिलं नाहीस, ते बरं केलंस.

आणि ज्यांनी आपल्याला हरवलं त्यांचं बघ. डॉजर्सनी टॅनर स्कॉटला चार वर्षांचे ७.२ कोटी दिले, त्याने वर्षभरात दहा सेव्ह घालवल्या. आपल्याविरुद्ध त्या रात्री आठवी, नववी, दहावी टाकली कुणी? सासाकीने. नऊ जण आले, नऊ गेले. तो स्टार्टर म्हणून जपानहून आणलेला पोरगा, खांदा दुखावून घरी बसलेला. वर्ल्ड सिरीजच्या अठरा इनिंगच्या सामन्यात बुलपेनमध्ये शेवटी उरला होता विल क्लाइन, आधीच्या फेऱ्यांत जो यादीतही नव्हता. चार इनिंग, ७२ बॉल, शून्य धावा. आणि शेवटचा सामना संपवला यामामोटोने, आदल्या रात्री ९६ बॉल टाकून. ह्यातलं काहीही त्यांनी जानेवारीत ठरवलं नव्हतं. तरी लोक म्हणणार, पैशाने जिंकले.

आता ह्या हिवाळ्यात आपल्यांनी रिलीव्हर स्ट्रॅमला कॅन्सस सिटीला दिला आणि केलरला दोन वर्षांसाठी घेतलं. केलर म्हणजे शस्त्रक्रियेनंतर सगळ्यांनी सोडून दिलेला स्टार्टर, शिकागोत गेल्या वर्षी अचानक फुलला. चांगला आहे. तसा २००८ मध्ये लिजही चांगलाच होता.

हे सगळं तुला आत्ताच लिहिण्याचं कारण वेगळं आहे. इथल्या लिटल लीगवाल्यांनी येत्या वसंतात बारा वर्षांच्या मुलांच्या टीमचे पिचर मला सांभाळायला सांगितलेत. ईशान त्यातलाच. ह्या वयाला दिवसाला ८५ बॉलची मर्यादा असते, ६६ च्या वर गेला की चार दिवस विश्रांती सक्तीची. म्हणजे एका पोराच्या जिवावर काही होत नाही, इथेही बुलपेन लागतंच. मी होय म्हणून बसलो आणि तेव्हापासून झोप उडालीय. पहिली इनिंग कुणालाही देता येते रे. शेवटचे तीन आउट कुणाला द्यायचे?

एक मुलगा आहे, उंच, वेगवान, सराव करताना कुणाला बॅट लावू देत नाही. गेल्या मोसमात एका सामन्यात त्याने सलग चौघांना चालत बेसवर पाठवलं आणि आईकडे बघत राहिला. दुसरा बुटका, वेग काहीच नाही, पण बॉल प्लेटवरच पडतो, आणि मार खाल्ला तरी हातात घेतलेला बॉल हसत पुसतो. तिसरा ईशान. त्याच्या खोलीत कर्करिंगचं पोस्टर आहे. ऑक्टोबरातल्या त्या रात्रीनंतर मला वाटलं काढून टाकेल. त्याने उलट चारही कोपऱ्यांना नवीन टेप लावली.

मला तुझ्याकडून हवंय ते एवढंच. तू नाशकात इतकी वर्षं टीम चालवलीस, शेवटची ओव्हर कुणाला द्यायची ते तूच ठरवायचास. मी आतापर्यंत एवढ्यावर आलोय की आधी बघून योग्य माणूस निवडता येत नाही, निवडायला बसायचं ते दुसऱ्या दिवसासाठी: आज ज्याने सामना घालवला त्याला उद्या परत बॉल द्यायचा की नाही. मॅन्युएलने लिजला दिला होता. यंदा कर्करिंगला एप्रिलमध्ये तशाच वेळी आत पाठवतील का, ह्याकडे माझे डोळे लागलेत. पाठवावं असं मला मनापासून वाटतं. स्टेडियम हुर्यो करणार, पहिल्या बॉललाच करणार, तुला इथले लोक माहीत आहेत. तरीही. पण मोठ्या माणसाचं ठीक आहे, त्याला पगार आहे, बाजूला डॉक्टर आहेत. त्या उंच पोराला मी परत तिथे उभं करायचं का, त्याची आई कठड्याशी असताना? आणि नाही केलं तर तो काय समजेल? मेधा म्हणते, मुलांचा खेळ आहे, इतका काय विचार करतोस. म्हणून तर तुला लिहितोय.

तुझं काय? पिंपळगावच्या बागेचं किती नुकसान झालं? छाटणीनंतरचा पाऊस म्हणजे घडच जिरतात असं तू म्हणाला होतास, विम्याचे काही आले का? काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल. सईची बारावी ना यंदा? तिला माझ्याकडून अभ्यासाबद्दल काही विचारू नकोस, नुसता आशीर्वाद सांग.

उन्हाळ्यात येईन म्हणाला होतास. जूनमध्ये ये, आमचे सामने तेव्हा संपत आलेले असतील आणि संध्याकाळी साडेआठपर्यंत उजेड असतो. मूर्ती पण न्यू जर्सीहून येईल, त्याला अजून सेव्हचा नियम कळलेला नाही. तोवर ह्या तिघांतलं एक नाव घेऊन पत्र लिही. ‘बघू’ म्हणून चालणार नाही, आणि एका शब्दाचा मेसेज तर मुळीच नको. मार्चच्या शेवटी पहिला सराव आहे, त्याआधी कळव.

काकूंना नमस्कार, सईला आणि वहिनींना आठवण.

तुझा,
श्री