नव्या संशोधकांचे वय जन्मतारखेवरून मोजू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पुण्यातल्या एका महाविद्यालयात मी बरीच वर्षे सूक्ष्मजीवशास्त्र शिकवले. माझे विद्यार्थी पुढे एनसीसीएस, आयसर, आघारकर, एनआयव्ही अशा पुण्यातल्या संशोधन संस्थांत पीएच.डी.ला गेले. अजूनही त्यांचे फोन येतात आणि प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो : थिसिस सबमिट केला, आता पुढच्या कामाला पैसे कुठून आणायचे? याबद्दल, आणि विशेषतः फेलोशिपसाठी असलेल्या वयाच्या अटीबद्दल, आपल्या वृत्तपत्रातून बोलले जावे, म्हणून हे पत्र.

पीएच.डी. करताना जेआरएफ आणि एसआरएफ या कनिष्ठ व वरिष्ठ संशोधन फेलोशिप मिळून पाच वर्षे स्टायपेंड मिळतो. १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे महिना ३७ हजार आणि नंतर ४२ हजार रुपये, अधिक घरभाडे. पण रुग्णांचे नमुने जमवायचे असतील, एथिक्स कमिटीची मंजुरी यायची असेल, उंदरांवरचे प्रयोग पुन्हा करावे लागले असतील, तर पाच वर्षांत काम उरकत नाही. त्यानंतर परीक्षकांचे अहवाल, व्हायवा. तोवर स्टायपेंड संपलेला असतो आणि मुलगी कोथरूडला खोली घेऊन राहात असेल तर भाडे मात्र दर महिन्याला द्यावेच लागते.

योजना नाहीत, असे मी म्हणणार नाही. केंद्राच्या इन्स्पायर फॅकल्टी फेलोशिपमध्ये पाच वर्षे महिना सव्वा लाख आणि संशोधनखर्चाला वर्षाला सात लाख मिळतात. एसईआरबी या केंद्राच्या जुन्या संशोधन-अनुदान मंडळाच्या जागी आलेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानची, म्हणजे एएनआरएफची, दोन वर्षांची राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनाची, फेलोशिप आहे. त्यांचीच 'पंतप्रधान अर्ली करिअर' ग्रँट तीन वर्षांसाठी ६० लाखांपर्यंत जाते, पण तिला आधी नियमित नोकरी लागते. म्हणजे ज्याच्याकडे नोकरी नाही आणि ग्रँट नसल्यामुळे ती मिळतही नाही, त्याच्या ही ग्रँट उपयोगाची नाही. संशोधनातून एखादे किट किंवा उपकरण घडवायचे असेल तर बायरॅक या केंद्राच्या जैवतंत्रज्ञान-उद्योग संस्थेची 'बिग' ग्रँट आहे, ५० लाखांपर्यंत, आणि तिचे काम आपल्याच एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारातल्या व्हेंचर सेंटरमार्फत चालते. ही गोष्ट पुण्यातल्याही कितीतरी मुलांना ठाऊक नसते.

माझे खरे म्हणणे वयाबद्दल आहे. इन्स्पायर फॅकल्टीला सर्वसाधारण गटासाठी वयाची मर्यादा ३२. राष्ट्रीय पोस्टडॉक फेलोशिपला ३५. महिलांना आणि मागास प्रवर्गांना सवलती आहेत, हे मान्य. पण हिशेब करून पाहा. बीएस्सी एकविसाव्या वर्षी, एमएस्सी तेविसाव्या. मग जेआरएफसाठीच्या नेट परीक्षेला एक-दोन वर्षे, कारण पहिल्याच प्रयत्नात जेआरएफ मिळवणारे थोडेच. पंचविसाव्या वर्षी पीएच.डी. सुरू झाली आणि सहा वर्षे लागली, तर पदवी हातात येते तेव्हा एकतिसावे संपत आलेले असते. इन्स्पायरसाठी उरली जेमतेम एक खेप. जालना किंवा नंदुरबारहून आलेल्या ज्या मुलाने मधली दोन वर्षे घरासाठी नोकरी केली, त्याला तीही उरत नाही. त्याचे काम कमी दर्जाचे होते म्हणून नव्हे, तो उशिरा निघाला म्हणून.

डॉक्टरांचे तर विचारूच नका. इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांचे एमबीबीएस, वर्षभराची बंधपत्रित सेवा, तीन वर्षांचे एमडी. वॉर्डात रोज क्षयरोगाचे, डेंगीचे, मधुमेहाचे रुग्ण पाहणारा हा माणूस संशोधनासाठी सर्वांत योग्य प्रश्न घेऊन येतो, पण पीएच.डी. करायला बसला तर तिशीच्या मध्यावर पोहोचतो. जैववैद्यकीय संशोधन आपण कोणासाठी करतो, असा प्रश्न मला अशा वेळी पडतो.

दुसरी पद्धत शक्य आहे, हे आपल्याच देशात दिसले आहे. २००८ साली केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनमधला वेलकम ट्रस्ट यांनी मिळून उभारलेल्या इंडिया अलायन्सच्या फेलोशिपला वयाची अट नाही. तिथे पीएच.डी.नंतर संशोधनात किती वर्षे गेली हे पाहतात आणि बाळंतपण, आजारपण यांसाठी घेतलेली सुट्टी त्यातून वजा करतात. कायम नोकरी लागत नाही, जागा देणारी होस्ट संस्था लागते. डॉक्टरांसाठी आणि सार्वजनिक आरोग्यात काम करणाऱ्यांसाठी वेगळी शाखा आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिसऱ्या टप्प्यासाठी दीड हजार कोटी मंजूर केले. त्यांतले पाचशे कोटी वेलकमचे. स्पर्धा भयंकर आहे, मुलाखतीपर्यंत पोहोचणेसुद्धा कठीण. तरीही माझ्या विद्यार्थ्यांना मी पहिला अर्ज तिथे करायला सांगते. हाच नियम इन्स्पायरला आणि एएनआरएफला लावायला काय हरकत आहे?

सरकार ऐकत नाही असेही नाही. संशोधन अनुदानावरचा जीएसटी माफ करण्याचा निर्णय सप्टेंबर २०२४ मध्ये झाला. जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलबाहेरून उपकरणे घेण्याची मुभा संस्थाप्रमुखांना जून २०२५ मध्ये मिळाली. संशोधकांनी दोन्ही गोष्टी लावून धरल्या होत्या. वयाची अट तशी कोणी लावून धरत नाही, कारण तिच्यामुळे जे बाहेर पडतात ते संशोधनातूनच बाहेर पडतात आणि बोलायला मागे कोणी उरत नाही.

राज्य सरकारकडेही मागणे आहे. बार्टी (अनुसूचित जातींसाठी) आणि सारथी (मराठा-कुणबी समाजासाठी) या राज्याच्या दोन्ही संस्थांची मुख्यालये पुण्यात आहेत, दोन्ही पीएच.डी.साठी फेलोशिप देतात. थिसिस सबमिट केल्यापासून पहिली ग्रँट हाती येईपर्यंत एक वर्षाची जोडफेलोशिप त्यांनी आणि राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाने मिळून सुरू करावी, सर्व प्रवर्गांसाठी. लॅब, गाइड, उपकरणे सारे आधीच असते. द्यायचा असतो तो फक्त माणसाचा पगार.

आणि आपल्याला एक विनंती. शिक्षणाच्या पानावर प्रवेशाच्या तारखा छापता, तशाच इन्स्पायर, एएनआरएफ, इंडिया अलायन्स, आयसीएमआर यांच्या अर्जांच्या शेवटच्या तारखाही छापाव्यात. मोठ्या संस्थांत त्या नोटीस बोर्डावर लागतात. तालुक्याच्या महाविद्यालयात आणि सरकारी रुग्णालयात त्या कोणी लावत नाही.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका,
औंध, पुणे