तत्त्वतः मंजुरीचा भरवसा

विश्रामबाग, सांगली

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

ग्रॅच्युइटीची रक्कम ज्या खाण कंपनीच्या शेअरमध्ये घालायचा तुझा विचार आहे, तिचा तू पाठवलेला वार्षिक अहवाल वाचला. ज्या ओळीखाली तू लाल पेन्सिलीने रेघ ओढली आहेस, ती ‘वनजमिनीसाठी तत्त्वतः मंजुरी प्राप्त’ ही ओळच मला खटकली. वनमंजुरी दोन टप्प्यांत मिळते: आधी तत्त्वतः आणि अटींची पूर्तता झाल्यावर अंतिम. मधल्या काळात शेअरचा भाव मात्र खाण सुरू झाल्याच्या थाटात चढत असतो.

ओडिशातील नियमगिरीचे प्रकरण तुला आठवत असेल. डोंगरमाथ्यावरच्या बॉक्साइटच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या खनिजाच्या, भरवशावर वेदांत समूहाने पायथ्याशी, लांजीगडला, वर्षाला १० लाख टन क्षमतेचा ॲल्युमिना कारखाना आधीच उभारला. डिसेंबर २००८ मध्ये तत्त्वतः वनमंजुरी मिळाली. पण २४ ऑगस्ट २०१० रोजी पर्यावरण मंत्रालयाने अंतिम मंजुरी नाकारली, आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार २०१३ मध्ये भरलेल्या बाराही ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. दरम्यान, बॉक्साइटअभावी डिसेंबर २०१२ पासून काही महिने कारखाना बंद ठेवावा लागला. ऊस नसलेल्या कार्यक्षेत्रात साखर कारखाना काढणाऱ्याला आपल्याकडे लोकांनी काय म्हटले असते, हे तुला सांगायला नको. तरीही तो समूह तगला, कारण त्याच्याकडे जस्त, तेल असे उत्पन्नाचे इतर मार्ग होते.

तुझ्या कंपनीकडे ही एकच खाण आहे, आणि माझी खरी काळजी तीच आहे. अलास्कातील पेबल या तांबे-सोन्याच्या नियोजित खाणीवरच विसंबलेल्या नॉर्दर्न डायनेस्टी कंपनीला जुलै २०२० मध्ये अनुकूल पर्यावरण अहवाल मिळाला होता. नोव्हेंबरात परवाना नाकारला गेला आणि एका दिवसात शेअर जवळपास निम्म्यावर आला. सामान्य भागधारकाला विकायला सवडच मिळाली नाही.

नुकसानभरपाई मिळेलच, असे तू म्हणशील. पाकिस्तानातील रेको दिक येथील तांबे-सोन्याचा खाणपट्टा २०११ मध्ये नाकारला गेल्यावर २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने सुमारे ५.८ अब्ज डॉलर भरपाई मंजूर केली, हे खरे. परंतु तो दावा परदेशी गुंतवणूकदारांचा, दोन देशांमधील गुंतवणूक कराराच्या आधारे होता. भारतीय कंपनीला आपल्याच सरकारविरुद्ध तो मार्ग नाही.

शिवाय नकार देणाऱ्यांना सरसकट दोष देणे मला पटत नाही. आपले कासचे पठारही जांभ्याचेच आहे, आणि बॉक्साइट जांभ्यातच सापडते. उद्या तेथे कोणी खाणीसाठी अर्ज केला, तर साताऱ्यातून विरोधाची पहिली सही तुझीच असेल.

तेव्हा कंपनीला लेखी विचार, की तत्त्वतः मंजुरीतील कोणत्या अटी अपूर्ण आहेत, ग्रामसभांचे ठराव झाले आहेत का, आणि अंतिम मंजुरीआधी यंत्रसामग्रीवर किती कर्ज काढले आहे. उत्तर येईपर्यंत ग्रॅच्युइटीची रक्कम बँकेतच राहू दे. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
माधव