मधले नाव तेच आहे

पुणे, १८ ऑगस्ट २०२४

ती. आई व ती. बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

माझी कागदपत्रे बदलून झाली; त्यांवर आता नवे नाव आणि 'पुरुष' अशी नोंद आहे. हे फोनवर सांगण्याचे धाडस झाले नाही, म्हणून लिहितो आहे. राजपत्रात नाव मार्चमध्येच प्रसिद्ध झाले होते. बाबांची अँजिओप्लास्टी नुकतीच झाली होती, म्हणून तेव्हा बोललो नाही. कारण खरे असले तरी तुम्हाला न सांगणे ही माझी चूकच होती.

बाबा, राजपत्रात जुने आणि नवे अशी दोन्ही नावे छापतात. ते पान हाती आल्यावर मी आधी मधला शब्द पाहिला. दोन्हींत तुमचेच नाव आहे. बदलले ते फक्त पहिले नाव, आणि आत्याने पत्रिका पाहून धरलेले 'न' हे अक्षर त्यातही सोडलेले नाही. माझ्या दहावीच्या फॉर्मवर सही करताना, मुलीचे मधले नाव लग्नापर्यंतच, असे तुम्ही म्हणाला होतात. माझे आता कायम तेच राहील.

यात घाई नव्हती. स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी मान्य केला, तेव्हा माझी बारावीची परीक्षा संपली होती आणि त्या बातमीचे कात्रण मी कितीतरी दिवस वहीत जपले होते. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१९च्या कायद्यातील कलम ६ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडून आधी 'ट्रान्सजेंडर' असे ओळखप्रमाणपत्र मिळते. शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयाचा दाखला जोडून कलम ७ खाली पुन्हा अर्ज केला, की 'पुरुष' अशी नोंद होते. त्यावरून आधार बदलले, मग पॅन. गेल्या वर्षी रेल्वेत आधारवर मुलीचे नाव आणि समोर दाढीवाला माणूस पाहून तपासनिसाने प्रश्न विचारले, आणि सगळा डबा ऐकत असताना मला उत्तरे द्यावी लागली. ते पुन्हा सोसवले नसते.

आई, जखम पूर्ण भरली आहे. डब्यातल्या पोळ्या मऊ असतात आणि रात्री तुझीच गोधडी घेतो. मला ताप आला, की तू कपाळावर घडी ठेवून 'सोन्या' म्हणायचीस. नवे नाव तोंडी बसेपर्यंत तीच हाक मार. बक्षीस घेतानाचा माझा फोटोही भिंतीवरून काढू नकोस. तो मीच आहे.

आता एक काम. बाबांच्या पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत नामनिर्देशन माझ्या जुन्या नावाने आहे, आणि ते बदलण्याच्या अर्जावर बाबांचीच सही लागेल. मी गुरुवारी रजा घेऊन साताऱ्यास येतो. तोवर बाबांनी एकट्याने पोस्टात जाऊ नये. पासबुक माळ्यावरच्या ट्रंकेत असेल, तर आई, स्टुलावर चढू नकोस, मी काढीन. बाबांची रक्त पातळ ठेवण्याची गोळी एक दिवसही चुकता कामा नये. संपत आली असेल तर आजच कळवा, येताना घेऊन येईन.

तुमचा,
निनाद